जास्तीची मूठ

माणूस गेलं की घर रिकामं होतं, असं म्हणतात. माझी वहिनी द्वारका आषाढात विषमज्वराने गेली आणि त्या दिवसापासून तेराव्यापर्यंत पिंप्राळ्याच्या आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मी धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवते. तार शाळेतच आली. मुख्याध्यापिकाबाईंनी ती आधी स्वतः वाचली, मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मग कागद माझ्या हातात दिला. तोवर मला मजकूर कळून चुकला होता. मिळेल त्या मोटारीने जळगाव गाठलं, तिथून टांगा केला. ओसरीखाली इतक्या चपला पडल्या होत्या की क्षणभर वाटलं, आपण चुकून एखाद्या लग्नघरी उतरलो. आत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. एक दुसरीला सांगत होती, "सवाष्नी गई, भाग्यानी व्हती. कूस तेवढी उजवनी नही." दुसरी म्हणाली, "सुटनी बिचारी." कशातून सुटली, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही...

तेराव्याला गावातल्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई आल्या. जेवणाआधी त्यांनी उभं राहून चार शब्द सांगितले. कैलासवासी द्वारकाबाई म्हणजे सोशिकतेची मूर्ती, दुःख गिळून समईसारख्या एका जागी मंद तेवत राहिलेल्या, वगैरे. भाषण चांगलं होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाबद्दल तरी असावं. वहिनीला एका जागी मी कधी पाहिलंच नाही. ती जेवायचीसुद्धा उभ्याने, ताटली हातात घेऊन, चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत. कोणी "बस की जरा" म्हटलं तर "बशी राहिनी ना" म्हणून उंबऱ्याला टेकायची, आणि पुढचा शब्द उच्चारेपर्यंत ती अंगणात दोरीवरचे कपडे पालथे करत असायची. आमची आई, जिला आम्ही माय म्हणतो, ती म्हणायची, "हाई सून नही, वारं शे." मंद तेवणं वगैरे तिच्याच्याने झालं नसतं. तेवायला बसावं लागतं.

ती आमच्या घरात आली सत्तेचाळीस साली, स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागे. माझा भाऊ, आम्ही त्याला नाना म्हणतो, जळगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत कामाला होता. तिचं माहेर शिंदखेड्याचं. पहिली दोन वर्षं तिला कोणी काही विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी झोके खेळायला गेली तेव्हा झोक्यावरच्या मैत्रिणींच्या कडेवर एकेक मूल होतं. परत आल्यावर ती मला म्हणाली, "ताई, तठे झोका कमी अन् पाळना जास्त व्हई गयात." हसत म्हणाली. तेव्हा तिला हसता येत होतं.

मग उपाय सुरू झाले. शेजारच्या मारवाडी काकींनी एक पूड दिली. कोण्या वैदूने मुळी दिली. त्या मुळीने घरभर असा वास सुटला की नाना आठवडाभर फॅक्टरीतच जेवला. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला नवस झाला, आणि तो गणपती ऐकतो आहे की नाही याचा भरवसा नसल्यामुळे आणखी दोन ठिकाणी झाला. माझा देवावर फारसा विश्वास नाही, पण त्या काळात मला देवांची काळजी वाटायची: मूल झालंच तर फेडायचं कोणाला, यावरून त्यांच्यात जुंपली असती. सोमवारी पिंपळाला प्रदक्षिणा घालायच्या, हे एकच व्रत वहिनीला मनापासून मानवलं, कारण त्यात चालायचं होतं. बाकीच्यांत पाटावर बसायचं असे. मी लग्न केलं नाही, त्यामुळे मलाही मूल नव्हतं. पण त्याबद्दल कोणी नवस केला नाही. मूल नसणं हे दुःख नसतं, सुनेला मूल नसणं हे असतं.

सगळ्यात वाईट गोष्ट वेगळी होती. आमच्याकडे बायका महिन्याचे ते दिवस बाजूला बसत. ओसरीच्या कोपऱ्यात कांबळं, शेजारी तांब्या, आणि कशाला हात लावायचा नाही. जिला क्षणभर बसवत नाही तिला दर महिन्याला तिथे बसवलं जाई. ओसरी रस्त्यावर, येणारा-जाणारा बघे. इतर घरांत निराशा निदान खासगी असते. आमच्याकडे वहिनी कांबळ्यावर दिसली की सगळ्या आळीला त्या महिन्याचा निकाल कळायचा. दूधवाला म्हातारा तिला पाहून न चुकता उसासा टाकी. तिने एकदा त्याला विचारलं, "बाबा, तुन्ही म्हैस आटनी तवय मी उसासा टाका व्हता का?" त्यानंतर तो उसासा टाकेनासा झाला, पण दुधात पाणी जास्त घालू लागला. त्या कोपऱ्यात बसल्याबसल्या ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहायची. मातीत बोटभर खळगा पडला होता. माय दरवेळी तो सारवून बुजवायची, आणि दर महिन्याला तो पुन्हा व्हायचा.

मी तिला धुळ्याला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी नीट तपासलं, औषध काहीच दिलं नाही, आणि म्हणाल्या, "यांच्यात मला काही दोष दिसत नाही. आता यांच्या मालकांना पाठवा." वहिनी दवाखान्यातून बाहेर पडली ती इतक्या भराभर चालायला लागली की मी मागे धावत होते. तिला आनंद झाला होता की भीती वाटली होती, कोण जाणे. नानाला हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. त्याने ऐकून घेतलं, "बघतो" म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात सरकीचं काही काम काढून खरोखरच धुळ्याला आला. दवाखान्याच्या बाकावर बायकांच्या रांगेत तो टोपी मांडीवर घेऊन बसला. मी त्याला तिथे सोडून शाळेत गेले. दुपारी घरी आले तर तो गावाकडे परतला होता. डॉक्टरीणबाईंकडे चौकशी केली तेव्हा कळलं, हाक मारायच्या आधीच ते गृहस्थ उठून गेले. घरी त्याने सांगितलं, "डॉक्टर नव्हत्या." माय म्हणाली, "बरं व्हयनं. माणसाले काय पाहनं ऱ्हास?"  त्या संध्याकाळी वहिनीने सगळी भांडी, घासलेली असूनही, पुन्हा घासली.

आता कानबाईचं सांगायला हवं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, म्हणजे नारळाची देवी सजवून मांडतात. तिच्यासाठी जो रोट, म्हणजे नैवेद्य, करतात त्याचे गहू मोजायची रीत ठरलेली आहे: भाऊबंदांत जितके पुरुष, तितक्या सव्वा-सव्वा मुठी. म्हातारा असो, पाळण्यातला असो, ज्याच्या त्याच्या नावाने मूठ पडते. घरात मुलगा झाला की एक मूठ वाढते, पुरुष गेला की एक कमी होते. तो रोट भाऊबंदांनीच पुनवेच्या आत संपवायचा, बाहेर द्यायचा नाही. मी लग्न करून दुसऱ्या घरी गेले नाही म्हणून रोट मला मिळतो; मूठ मात्र माझ्या नावाची नसते. गावातली खानेसुमारी दहा वर्षांनी होते, आमची दर श्रावणात होते आणि अधिक काटेकोर असते.

त्रेपन्न किंवा चोपन्न सालची गोष्ट असेल. कानबाई आमच्या घरी होती, मी सुट्टी काढून आले होते, आणि वहिनी बरेच दिवस कांबळ्यावर बसली नव्हती. कोणी काही बोलत नव्हतं, पण बोलत नाही आहोत हे सगळ्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. तिला अचानक कोणी घागर उचलू देईना. गहू मोजायला माय बसली, शेजारी आमच्या थोरल्या काकू, आणि सूप धरून वहिनी उभी. माय एकेक नाव घेऊन मूठ टाकत होती. काकांची, चुलतभावांची, त्यांच्या मुलांची. शेवटी "हाई नानानी" म्हणून तिने नानाची मूठ टाकली. इथे मोजणी संपायची. पण मायचा हात पुन्हा गव्हात गेला, भरून वर आला आणि सुपात मोकळा झाला. मग वरची पाव मूठसुद्धा पडली. नाव काही तिने घेतलं नाही.

काकूंनी मान वर केली. "हाई कोनी व?"

"कोनीच नही," माय म्हणाली. तिचा चेहरा चोरी करताना सापडलेल्या मुलीसारखा झाला होता. "पडी गई."

"सव्वा मूठ बरोबर पडी गई?"

"मंग काय, परत लेऊ का?"

काकू धर्माच्या बाबतीत कडक. त्यांनी सुपाकडे पाहिलं, देवीच्या चौरंगाकडे पाहिलं आणि निकाल दिला, "पडेल मूठ परत नही लेतस. देवीना गहू शेत." वहिनी सूप धरून उभी होती. त्या दिवशी ती हलली नाही. मी तिला स्थिर उभी राहिलेली पाहिली ती तेवढीच एकदा, आणि ते पाहून मला बरं वाटण्याऐवजी धास्ती वाटली...

रोट झाला, सगळ्यांनी खाल्ला, सोमवारी कानबाई वाजतगाजत पाण्यात गेली. पुनवेला अजून दोन दिवस होते, रोट संपायचा होता, तेव्हा एका सकाळी मी ओसरीवर आले तर वहिनी कोपऱ्यात कांबळ्यावर बसलेली. तिच्या वाट्याचा रोट शिंक्यात तसाच राहिला. तिला आता त्याला हात लावता येत नव्हता. दिवस गेले होते आणि टिकले नाहीत, की नुसता उशीर होता, कोण सांगणार? डॉक्टरीणबाई धुळ्याला होत्या. दूधवाला आला, त्याने पाहिलं, उसासा टाकला नाही, आणि त्या दिवशी दूध मापापेक्षा जास्त घातलं. ते पाहून वहिनीला रडू फुटलं. त्याआधी ती रडली नव्हती.

पुढच्या श्रावणात खरा पेच आला. नानाची मूठ पडली, आणि मायचा हात गव्हाच्या वर थांबला. गेल्या वर्षी एक मूठ वाढली होती. ती आता टाकायची नाही, तर घरातला एक पुरुष गेला असं देवीला सांगितल्यासारखं होणार. जो जन्मलाच नाही त्याचं जाणं मानायचं कसं, हे कोणालाच सांगता येईना. भटजींना विचारलं असतं तर त्यांनी नक्की काहीतरी सांगितलं असतं, म्हणूनच मायने त्यांना विचारलं नाही. सगळ्या बायका मायच्या हाताकडे बघत होत्या. तेव्हा वहिनी म्हणाली, "टाका ना, माय. गये वरीसले जेवना, यंदा उपाशी ठेवनार का त्याले?" माय तिच्याकडे बघत राहिली. मग तिने मूठ टाकली.

तेव्हापासून ती पडत राहिली. भाऊबंदांतले पुरुष यावरून थट्टा करायचे. माझा एक चुलतभाऊ, ज्याचा मुलगा शाळेत एकाच इयत्तेत मुक्काम ठोकून होता, एकदा जेवताना म्हणाला, "काय वहिनी, नानाना पोऱ्या आते केवढा व्हयना?" वहिनी वाढत होती. न थांबता म्हणाली, "शाळामा जास ना. तुमना पोऱ्याना संगेच व्हता, पन तो पुढे चालना गया. एक डाव बी नापास नही व्हयना." पंगत खो खो हसली. चुलतभावाने पाणी मागितलं. वहिनी पाणी आणायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. पाणी शेवटी मी नेऊन दिलं.

मला काळजी वाटू लागली होती. ती धुळ्याला माझ्याकडे चार दिवस आली तेव्हा मी सरळ विचारलं. ती माझ्या व्हरांड्यात येरझारा घालत होती. "माले माहीत शे, ताई," ती म्हणाली. "मी येडी नही व्हयनी. तो नही शे."

"मग?"

"मंग काय? मी थोडंच सांगं व्हतं त्यास्ले? त्यास्नीच मोजा. आते त्यास्ले उतरता येत नही." एवढं बोलून ती हसली. मग दोन फेऱ्या मारल्या, आणि मला पाठमोरीच म्हणाली, "पन माय नाव लेत नही. बठ्ठास्ना नाव लेस, अन् ती मूठ तशीच टाकस. एक डाव तरी नाव लेवाले पाहिजे व्हतं..." मी विचारलं, तू काय नाव ठेवलं असतंस? ती दूध उतू जाईल म्हणून आत गेली. दूध मी अजून चुलीवर ठेवलं नव्हतं.

त्यानंतर लवकरच ते प्रकरण झालं. काकूंनी आपल्या भावाची मुलगी आणली, म्हणजे अजून नुसती बोलण्यात आणली. कायद्याने तेव्हा दुसरी बायको करायला बंदी होती. पण कायदा मुंबईहून येणार होता आणि मुलगी चोपड्याहून, आणि चोपडा जवळ. मी नेमकी घरी होते. काकू मायला सांगत होत्या, "वंश बुडी राहिना, बाई. आमनी आंडेर कामले वाघीन शे. द्वारकाले काय, तीबी ऱ्हाई. कोन तिले काढी राहिनं?" नाना वर्तमानपत्र उघडून बसला होता. पान उलटत नव्हता. मी काही बोलणार तेवढ्यात वहिनी चहाचे पेले घेऊन आली. तिने काकूंपुढे पेला ठेवला आणि साध्या आवाजात विचारलं, "वंश कसा बुडी राहिना, काकू? रोटमा मूठ पडस ना?"

"ती मूठ काय खरी शे का व?"

"खरी नही? मंग इतला वरीस देवीले खोटा गहू दिन्हात का आपन?"

काकूंनी पेला उचलला आणि परत खाली ठेवला. वहिनी तशीच उभी राहून म्हणाली, "खोटी व्हई त यंदा तुम्हीच काढा. तुमना हाते. घरमा एक पोऱ्या कमी व्हयना म्हनीसन देवीले सांगा." काकूंचे स्वतःचे चार नातू होते. कानबाईपुढे एक मूठ कमी करायची, आणि देवीने ती कोणाची धरायची?  मग माय बोलली, आणि मायचा आवाज मी इतका करडा कधी ऐकला नव्हता. "मूठ निंघनार नही. मी टाकेल शे." यावर नानाने वर्तमानपत्र खाली घेतलं. सगळ्यांना वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "चहा थंडा व्हई राहिना."

चोपड्याची मुलगी पुढे भुसावळला दिली. तिचं चांगलं चाललं आहे. मला आठवतं ते हे, की त्या दुपारी वहिनीजवळ दुसरंही एक उत्तर होतं, मीच तिला सांगितलेलं. धुळ्याचा बाक, मांडीवरची टोपी, "डॉक्टर नव्हत्या". एका वाक्यात सगळं संपलं असतं. ते तिने काढलं नाही, आणि तिने काढलं नाही हे नानाला समोर बसून कळलं. त्या वर्षीपासून रोटाचे गहू तो स्वतः बाजारातून आणू लागला. ओसरीवर बसून खडे निवडायचा. फॅक्टरीतला माणूस बायकांचं काम करतो म्हणून येणारे-जाणारे बघायचे. तो मान वर करायचा नाही. वहिनी त्याच्याभोवती काही ना काही कामाने फिरत राहायची, आणि जाता-येता त्याने निवडलेल्या गव्हातला एखादा राहिलेला खडा उचलून दाखवायची. तो म्हणायचा, "बस ना जरा." ती म्हणायची, "बसस ना."

आजारात तिला बसणंही जमेना, पडूनच राहावं लागलं. तापात तिचे पाय पांघरुणाखाली चालत होते, असं माय सांगते.

ती गेली आणि पाठोपाठ श्रावण आला. यंदा कानबाई करायची की वर्षभर थांबायचं, यावर भाऊबंदांची बैठक झाली. मोठमोठी वचनं सांगितली गेली. शेवटी असं निघालं की घरचा पुरुष गेला असता तर वर्ष पाळावं लागलं असतं. सून आहे, तेव्हा तेराव्यानंतर हरकत नाही. फक्त देवी आमच्याकडे न बसवता काकूंच्या घरी बसवावी. गहू नानाने आणले. निवडलेही. एकदा निवडून झाल्यावर तो ते परातीत पसरून पुन्हा बघत बसला, कोणीतरी येऊन एखादा खडा दाखवील असं वाटल्यासारखा. मग मीच एक शोधून काढला. मोजायला माय आणि काकू बसल्या, सूप मी धरलं. माझ्या शेजारी चुलतभावाकडे नुकतीच आलेली नवी सून उभी होती. मायने एकेक नाव घेतलं. नानाची मूठ टाकली. मग तिचा हात पुन्हा गव्हात गेला, आणि नाव न घेता तिने आणखी एक मूठ टाकली, वर पाव. काकूंनी बाहेर पडलेले दोन दाणे उचलून सुपात टाकले. नव्या सुनेला मात्र आपण रीत शिकलो आहोत हे दाखवायचं होतं. ती हळूच म्हणाली, "आजी, यंदा एक मूठ कमी करनी ना? द्वारकाकाकू गयात ना..."

"काबरं?" माय म्हणाली. "पुरुष तितलाच शेत."

गहू गेल्या वर्षीइतकेच भरले.